मुंबईला जाणारे धुरीचे गोळे

आमचं घर रत्नागिरीच्या खाडीच्या अंगाला, वस्तीच्या अगदी टोकाला होतं. पाठीमागे माडांची बाग आणि बागेपलीकडे खाजण. भरतीचं पाणी खाजणात शिरायचं आणि ओहोटीला सगळं परत जायचं नाही, खड्ड्याखड्ड्यांतून साचून राहायचं. त्यात शेजारची माणसं काथ्यासाठी नारळाची सोडणं त्या पाण्यात महिनोन् महिने कुजत घालत. डास आमच्याकडे बारा महिने असत. पावसाळ्यात संध्याकाळी बोलायला तोंड उघडलं तरी एखादा आत जायचा.

आईने त्यांच्याशी कायमचं वैर धरलं होतं. सकाळी उठल्यावर तिचं मला पहिलं सांगणं असायचं, "बागेतल्या करवंट्या पालथ्या घालून ये." फुटकी मडकी, अळवाचा वाफा, गुरांची डोण, जिथे म्हणून पाणी साठेल तिथे तिची नजर असे. विहिरीजवळच्या दगडी टाकीत तिने ओढ्यातले बारके मासे सोडले होते. ते अळ्या खातात हे ती माहेराहून शिकून आली होती. गाईच्या कानामागच्या गोचिडींना तंबाखूचं पाणी, आमच्या हातापायांना करंजेल. करंजेलाचा वास मला आवडत नसे, पण काकी ते माझ्या पायांना इतकं हळू चोळायची की मी गप्प बसून राही.

काकी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. चुलते मी जन्मायच्या आधीच गेले होते. तिला मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही तिघीच असू, आई, काकी आणि मी. बाबा मुंबईला गोदीजवळच्या एका वखारीत मुकादम होते आणि गणपतीला आठ-दहा दिवस घरी येत. माझी वेणी काकी घालायची, मला गोष्टी काकी सांगायची, आई रागावली तर मी काकीच्या मागे लपायची. आईपेक्षा ती मला जास्त आवडत होती.

संध्याकाळी धुरी व्हायची. तिचे गोळे आई आणि काकी वैशाखात मिळून करत. कडुनिंबाचा आणि निगडीचा पाला सावलीत सुकवायचा, हाताने चुरायचा, त्यात थोडी राळ, लिंबाच्या सुक्या साली आणि शेण घालून मळायचं आणि लाडवाएवढे गोळे वळून चुलवणाजवळ वाळवायचे. आईची खास भर म्हणजे सुक्या मिरचीची देठं. मिरच्या कुटताना निघालेली देठं ती वर्षभर जपून ठेवायची. चिलटं नुसत्या पाल्याला हटत नाहीत, म्हणायची. खळ्यात एक गोळा निखाऱ्यावर ठेवला की धूर जमिनीलगत पसरायचा, डोळे चुरचुरायचे, पण मग तासभर अंगणात बसता यायचं.

बाबांनी एका गणपतीत सांगितलं होतं की मुंबईच्या गटारांपुढे आपलं खाजण काहीच नाही, रात्र रात्र डोळा लागत नाही. तेव्हापासून आई दर वैशाखात त्यांच्यासाठी वेगळे गोळे करू लागली. ते घरच्यापेक्षा बारीक चुरलेले, एकसारखे वळलेले असत. पावसाने बोटी बंद व्हायच्या आत काकीचा भाऊ ते गाठोडं घेऊन जायचा. तो पालीचा, मुंबईत नोकरीला, आणि वैशाखात रजेवर यायचा. बाबा गावच्या गड्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहत, असं आम्हाला ठाऊक होतं. त्या खोलीत बायकापोरं कुणी नेत नसे. "पंधरा पुरुष एका खोलीत, डासांना मेजवानीच," आई म्हणायची आणि आणखी दोन गोळे जास्त घालायची.

मी बारा-तेरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट, म्हणजे सन तीसच्या आगेमागची. त्या वैशाखात काकीचा भाऊ पालीला आजारी पडला आणि पावसाळ्याआधी मुंबईला जाणार नाही असं कळलं. काकी म्हणाली, "राहू दे गो या वर्षी. एक वर्ष नाही गेले तर काय होतंय."

आईने ऐकलं नाही. खाडीपलीकडचे एक म्हातारे तांडेल आमच्या ओळखीचे होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचा मचवा शेवटच्या फेरीला लाकडं घेऊन मुंबईला निघाला होता. आईने गाठोडं त्यांच्या हवाली केलं आणि वखारीचा पत्ता तोंडपाठ करून घेतला. त्या दिवशी काकी जेवली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा चाचा परत आले. दुपारची वेळ होती. ते पायरीवर टेकले, आईने त्यांना शहाळं सोलून दिलं. मी बाजूला तांदूळ निवडत होते.

"पोचला बाय तुमचा गठडा," ते म्हणाले.

"त्यांच्या हातात दिलात ना?"

"मुकादम कामाला बाहेर गेले होते. वखारीच्या पहारेकऱ्याने घर दाखवलं, मागच्या चाळीत, वरच्या मजल्यावर. घरात बाई होत्या, त्यांच्याकडे दिला." त्यांनी शहाळं संपवलं आणि तोंड पुसलं. "त्यांचा निरोप आहे. गोळे फार चांगले आहेत म्हणाल्या, पण पुढच्या वेळी मिरचीची देठं घालू नका. बारक्या पोराला ठसका लागतो."

आईने विचारलं, "कुणाच्या पोराला?"

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. ती विचारेल असं त्यांना वाटलंच नसावं. तेवढ्यात काकी माजघरातून बाहेर आली. "चाचा, तुम्ही दुसऱ्याच दारात गेला असाल. मुंबईत मुकादम काय एक आहे?"

 चाचा म्हणाले, "असेल हो. आता नजर पहिल्यासारखी राहिली नाही." आणि उठून गेले. आई तशीच उभी राहिली. गोळ्यांत मिरचीची देठं असतात हे दुसऱ्या दारातल्या बाईला कसं कळलं, हे तिच्याही मनात आलं असणार. माझ्या तर तेव्हाच आलं होतं. पण मी बोलले नाही, कारण काकी माझ्याकडे बघत होती.

मग पाऊस लागला. बोटी बंद, मचवे किनाऱ्यावर ओढलेले. मुंबईहून कुणी येणार नाही आणि इथून कुणी जाणार नाही, असे ते महिने. आई कामं करायची, धुरी घालायची, आणि मध्येच हातातलं काम थांबवून बसायची. एकदा भात उतू गेला तरी तिला कळलं नाही.

एका संध्याकाळी, आम्ही तिघी चुलीपाशी असताना, तिने विचारलं, "वहिनी, तुमचा भाऊ दर वर्षी गोळे घेऊन जातो. तो कुठे देतो?"

"कुठे म्हणजे? गावकऱ्यांच्या खोलीत."

"तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा. मी आकांत करणार नाही. फक्त कळू दे."

काकीने मला जवळ ओढलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हिची शपथ. मला काही ठाऊक नाही."

आईचा चेहरा एकदम सैल झाला. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं तर ते लेकराला बाधतं, हे आमच्याकडे सगळेच मानत. काकी तर सगळ्यांत जास्त मानायची. त्या रात्री आई जेवताना पुष्कळ दिवसांनी बोलली.

श्रावणात मला हिवताप आला. इतकी धुरी, इतक्या करवंट्या पालथ्या घालूनसुद्धा आला. दिवसाआड थंडी भरायची, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत राहायचे, मग घाम. दवाखान्यातून आणलेलं कडू कोयनेल काकी मला गुळाबरोबर भरवायची. ती माझ्या उशाशी बसून राहिली. आई तिला उठवायची, "जा, दोन घास खाऊन या," तरी ती उठायची नाही. तिने देवीला खणनारळ बोलला, उपास धरले. मी डोळे उघडले की तिचे डोळे भरलेले दिसायचे. "तुला काही व्हायचं नाही गो," ती पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि मला वाटायचं, माझ्यावर इतका जीव जगात कुणाचाच नाही.

मी बरी झाले. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि गणपतीला बाबा आले. बोट दूर उभी राहिली, पडावातून माणसं किनाऱ्याला आली, बाबांनी मला जवळ घेतलं आणि किती वाळलीस म्हणाले. आईने त्यांना काहीच विचारलं नाही. मोदक झाले, आरत्या झाल्या. मला वाटलं, सगळं मिटलं.

गौरी गेल्या त्या दिवशी संध्याकाळी बाबा पडवीत पान लावत बसले होते. काकी वाती वळत होती. आई धुरीचं मडकं घेऊन आली आणि ते खाली ठेवून तिथेच उभी राहिली.

"या खेपेला जाताना थोडे गोळे दे," बाबा म्हणाले. "वैशाखातले संपले."

"देते," आई म्हणाली. "मिरचीची देठं घालायची की नाही तेवढं सांगा."

बाबांचा हात पानावरच थांबला. त्यांनी वर पाहिलं. पण आईकडे पाहिलं नाही. त्यांनी काकीकडे पाहिलं, आणि ते पाहणं रागाचं होतं. सांभाळायला दिलेली वस्तू कुणी हरवली तर आपण त्याच्याकडे जसं बघतो, तसं.

काकी घाईने म्हणाली, "मी नाही काही बोलले, भाऊजी."

 मग आई काकीकडे वळली.

"वहिनी, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला होतात तुम्ही."

काकी रडू लागली. रडत रडत तिने सगळं सांगितलं. मी चार वर्षांची होते तेव्हापासून ते घर होतं. तिच्या भावाने पहिल्या खेपेलाच पाहिलं होतं आणि तिला सांगितलं होतं. बाबांनी तिला गप्प राहायला सांगितलं होतं. "मी काय करणार होते? नवरा नाही, लेक नाही. भाऊजींनी हात काढून घेतला तर मी कुठे जाणार होते?"

"मी काढू दिला असता?" आईने विचारलं. "एवढी वर्षं एका परातीतलं पीठ दोघींनी मळलं. मी तुम्हाला घराबाहेर जाऊ दिलं असतं?"

 बाबा म्हणाले, "तुला इथे काय कमी पडू दिलंय मी?"  आई मडकं उचलून आत गेली.

मी तिथेच बसून होते. बाबांचं दुसरं घर म्हणजे काय ते मला अर्धवटच कळत होतं. माझ्या डोक्यात श्रावणातले दिवस फिरत होते, उशाशी बसलेली काकी, तिचे उपास, तिचे डोळे. ती मी मरेन म्हणून रडत होती हे खरंच होतं. पण तिने खोटी शपथ घेतली होती म्हणून ती घाबरली होती. त्यातलं माझ्यासाठी किती आणि भीतीपोटी किती, हे मला कधीच वेगळं करता आलं नाही. तेव्हा तर मी ठरवूनच टाकलं की माझ्यासाठी काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकी फणी घेऊन आली. मी म्हटलं, "माझी मी घालते." मला नीट घालता येत नव्हती. वाकडीतिकडी वेणी घालून मी शाळेत गेले.

बाबा ठरल्या बोटीने गेले, गोळे न घेता. आईने पाठच्या पडवीत स्वतःची वेगळी चूल मांडली. काकीला ती धान्य मोजून नाही, हवं तितकं द्यायची, दुखलंखुपलं तर काढा करून द्यायची, पण शेजारी बसायची नाही. पुढच्या वैशाखात पाला सुकवला तो आईने आणि मी. काकी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, आईने मान वर केली नाही, मग ती परत गेली. वर्षभराने तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि ती पालीला राहायला गेली. जाऊ नका असं आई म्हणाली नाही. गाडी निघाली तेव्हा मी बागेत होते. हाक ऐकू आली, मी गेले नाही.

बाबा पुढेही गणपतीला येत राहिले, मनिऑर्डरही येत राहिली. आई त्यांना वाढायची, त्यांचे कपडे धुवायची, लोकांत त्यांच्याविषयी वाकडा शब्द काढायची नाही. मी लग्न होऊन आंजर्ल्याकडे गेल्यावर, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हा एकदा मी तिला विचारलं की बाबांना तू काहीच बोलली नाहीस, मग काकीलाच एवढी शिक्षा का केलीस.

आई बाळाची दुपटी घडी करत होती. "ते वर्षाचे आठ दिवस माझे होते," ती म्हणाली. "त्यांचं मला काय माहीत होतं? वहिनींचं मला सगळं माहीत आहे असं वाटायचं."

मग तिने विचारलं, पालीला कधी जाऊन आलीस का. मी नाही म्हटलं. "जाऊन ये एकदा," ती म्हणाली. "थकल्यात म्हणे. मला नाही जमणार."

मी जाईन म्हटलं. मूल लहान होतं, मग पाऊस लागला, आणि पुढच्या वर्षी काकी गेल्याचा निरोप आला. आईने सुतक पाळलं, दहाव्याला पालीला शिधा पाठवला. ती रडली की नाही हे मला माहीत नाही. मी आंजर्ल्याला होते.