हलकं पाणी

जगात जे काही बरंवाईट घडतं ते विहिरीच्या पाण्यामुळे घडतं, अशी पक्की खात्री असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि ती विहीरही त्याची स्वतःचीच होती. हे माझ्या वडिलांचे दोस्त. रिठदच्या शिवारात त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता, म्हणून आम्ही त्यांना मळ्यातले काकाजी म्हणायचो. कोणाला नातू झाला, कोणाचा दमा थांबला, कोणाची म्हैस दुधावर आली, की काकाजी आधी विचारायचे, "माह्या विहिरीचं पानी पेला होता काय?" नाही म्हटलं तर त्यांना पटायचं नाही. केव्हातरी पेला असशीन, इसरला असशीन, असं म्हणून ते तो मामला स्वतःच निकालात काढायचे. मळ्याजवळून जाणाऱ्या माणसाला पाणी पाजल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नसत. सायकल अडवून धरायचे. लोटा रिकामा होईपर्यंत तोंडाकडे टक लावून उभे राहायचे आणि मग विचारायचे, "कसं लागलं?" याचं एकच उत्तर चालायचं. हलकं. हलकं म्हणजे पचायला हलकं, पोटात गेलं की अन्न जिरवणारं. तलाठ्याने एकदा नुसतं "थंड आहे" म्हटलं, तर काकाजींनी त्याला दुसरा लोटा प्यायला लावला.

आता खरं सांगायचं तर ते पाणी चांगलंच जड होतं. त्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजायची नाही. काकू स्वयंपाकापुरती घागर शेजारच्या मळ्यातून गुपचूप आणायच्या आणि काकाजी डाळीचा भुरका मारत म्हणायचे, "पाहा, कशी लोण्यावानी झाली." काकू पदर तोंडाशी धरून चुलीत फुंकर घालायच्या. अख्ख्या रिठदला हे ठाऊक होतं, पण कोणी बोललं नाही. गावात इतर बाबतीत एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

आमच्या घरच्यांच्या गप्प राहण्याचं कारण मात्र वेगळं होतं. आम्ही बौद्ध होण्याच्या आधीची गोष्ट. एका उन्हाळ्यात आमच्या वस्तीचा झरा आटला आणि वडील रिकामी घागर घेऊन मळ्याच्या बांधाशी उभे राहिले. आमच्या माणसाने दुसऱ्याच्या विहिरीत बादली सोडायची नाही, कोणीतरी वरून ओतेल ते घ्यायचं, असा तेव्हाचा रिवाज होता. काकाजींनी दोर वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुह्या हातानं शेंद." त्या हंगामात गावात त्यांचं एकही वांगं कोणी घेतलं नाही. काकाजींनी टोपल्या उचलल्या आणि वाशीमच्या बाजारात नेल्या. पुढे जन्मभर ते गावाबाहेरच भाजी विकत राहिले आणि हा आपला फायदाच झाला, असं सांगत राहिले. अर्थात पाण्यामुळे.

मी शिकलो, वाशीमला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत लागलो. रक्त, थुंकी, लघवी तपासायची. लघवीतली साखर पाहायची तेव्हाची रीत अशी, की काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर माणूस सुटला. हिरवं, पिवळं, विटकरी, असं जसजसं चढत जाईल तसतशी साखर जास्त. दर रविवारी मी गावी जायचो, आणि मळ्यावरून जाताना माझीही सायकल अडवली जायची.

शहात्तर-सत्त्याहत्तर सालच्या सुमारास काकाजींचं पाणी फारच हलकं झालं. एका बैठकीत ते तीन-तीन लोटे रिचवायचे आणि मिशा पुसत म्हणायचे, "पितच राहावं वाटते. हे पान्याचं लक्षन हाय." पोहरादेवीच्या यात्रेला वांगी घेऊन गेले, तेव्हा तिथलं पाणी जड म्हणून खांद्याला घरच्या पाण्याच्या दोन छागळी लटकवून नेल्या. अर्धी भाजी विकायच्या आत दोन्ही संपल्या. उरलेली टोपली ओळखपाळख नसलेल्या बाईच्या हवाली करून ते गाडी हाकत परत आले आणि विहिरीवर बादलीलाच तोंड लावून प्याले. ही हकीकत त्यांनी मला आवेशात सांगितली आणि मी पोट धरून हसलो. भाकरी तिनाच्या सहा झाल्या, तर पाणी अन्न जिरवते. रात्रीतून पाच वेळा उठतात, तर पाणी पोटात थांबत नाही. अंगातली बंडी खुंटीला अडकवल्यासारखी लोंबायला लागली, तर "चरबी धुऊन काढली पान्यानं." डोळ्यांपुढे अंधुक दिसायचं, तेवढं एक मिरच्यांच्या माथी मारलं. मी आठवड्याचे सहा दिवस हीच लक्षणं लोकांच्या तोंडून ऐकत होतो आणि रविवारी तीच काकाजींच्या तोंडून ऐकून करमणूक करून घेत होतो. माझ्यासारखा मठ्ठ माणूस त्या खोलीत कसा नेमला गेला, कोणास ठाऊक.

काकाजी रोज सकाळी बांधावरच्या मुंग्यांना पीठ-साखर घालायचे. एका रविवारी त्यांनी मला बोरीच्या झाडाकडे नेलं. ते लघवीला बसायचे त्या जागी मुंग्यांची काळी रांग लागली होती. "पाह्य," ते हळू आवाजात म्हणाले, "इथं मी पीठ नाई घालत, तरी येतेत. त्याइले माह्यी ओयख पटली." त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर एका म्हाताऱ्याला विचारत होते, "लघवीला मुंग्या लागतात का?" माझ्या हातातली नळी तशीच राहिली.

पुढच्या रविवारी मी काकाजींना औषधाची रिकामी बाटली दिली आणि म्हणालो, "सकाळची लघवी भरून आणून द्या." त्यांनी बाटली हातात घेऊन उलटसुलट फिरवली. "कोन तपासते?" त्यांनी विचारलं. "मीच," मी म्हणालो. "तुह्याच हातानं?" "हो, दुसरं कोण?" त्यांनी बाटली बंडीच्या खिशात टाकली.

मंगळवारी ते वांग्यांच्या टोपलीत बाटली ठेवून आले. आत अगदी पाण्यासारखं होतं, पण इतकं पाणी पिणाऱ्याची लघवी तशीच असायची, म्हणून मला नवल वाटलं नाही. आठ थेंब टाकले, उकळलं. निळं ते निळंच. माझा जीव भांड्यात पडला. मी नळी त्यांच्यापुढे धरून म्हणालो, "काही नाही काकाजी. एकदम साफ." ते गालातल्या गालात हसले. "मंग? मी सांगतलं नोयतं? लेहून दे." मी चिठ्ठीवर लिहून दिलं, "तपासणी चांगली आहे." ती चिठ्ठी ते तंबाखूच्या चंचीत ठेवायचे आणि पाणी प्यायला थांबेल त्याला दाखवायचे. लोकांना वाटायचं, सरकारने विहिरीला सर्टिफिकेट दिलं. काकाजी कोणाचा गैरसमज दूर करत नसत.

त्यानंतर मीच निर्धास्त झालो. त्या पावसाळ्यात त्यांच्या पायांना चिखल्या झाल्या. अनवाणी पाणी वळणाऱ्या माळ्याला चिखल्या व्हायच्याच. मेण आणि तेल लावा म्हणून मीच सांगितलं. पोळ्यानंतर वडिलांचा निरोप आला, "तुह्ये काकाजी पाय ओढून राह्यले. जखम दुखत नाई म्हनते, पन वास येते." मी गेलो. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. मी त्यांना त्याच पावली एसटीत घातलं.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मला म्हणाले, "लघवी तपास." मी म्हणालो, "मागेच तपासली, साफ होती." ते म्हणाले, "आत्ता तपास. तुझ्यासमोर भरू दे." मी बाटली घेऊन संडासाच्या दाराशी उभा राहिलो. नळी दिव्यावर धरल्यावर पाहता पाहता विटकरी झाली. मला वाटलं, औषध बिघडलं. नवीन बाटली फोडून पुन्हा केलं. पुन्हा विटकरी.

काकाजी बाकावर पाय लांब करून बसले होते. मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो. "काकाजी, मागच्या बाटलीत काय होतं?"

त्यांनी चंची उघडली, बंद केली. "विहिरीचं पानी."

"काहून?" मी गावच्याच बोलीवर आलो.

"तुह्या बापानं साऱ्या गावाची घान उचलली," ते म्हणाले. "त्यातून तुमी सुटले. तू शिकला, पांढरा कोट घालतं. अन् मी तुह्या हातात मुताची शिशी देऊ? मले नाई जमलं, बाबू."

मला त्यांचा भयंकर राग आला. हे माझं काम आहे, याचाच मला पगार मिळतो, तुमच्यासारखे वीस जण रोज देतात, असं काहीबाही मी बोलत राहिलो. ते नुसते माझ्या कोटाच्या बाहीवरून हात फिरवत होते. पुढे अकोल्याला त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. ती बाटली खरी असती, तर बहुतेक एवढं झालं नसतं. दोघांपैकी जास्त चूक कोणाची, याचा विचार मी अजूनही करतो आणि दर वेळी माझ्यापाशीच येऊन थांबतो. त्या दिवसापासून माझ्यासमोर भरलेली नसेल ती बाटली मी घेत नाही. लोक वैतागतात. वैतागू देत.

त्यानंतर काकाजी दोन पावसाळे जगले. काकू इंजेक्शन द्यायला शिकल्या. काकाजी काठी घेऊन विहिरीच्या काठावर बसायचे. सायकली अडवणं बंद झालं होतं, मीच थांबायचो. एका रविवारी त्यांनी लोटा पुढे केला, मी चार घोट घेतले आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कसं लागलं?"

आम्ही सगळे हलकं हलकं म्हणत राहिलो आणि या माणसाने आपला रोग त्या हलक्या पाण्यावर ढकलला, हे मला आतून खात होतं. मी ठरवूनच आलो होतो. "जड आहे, काकाजी," मी म्हणालो. "यात डाळसुद्धा शिजत नाही."

ते रागावले नाहीत. मिरचीच्या वाफ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माईत हाय मले. तुह्यी काकू कोठून घागर आनते, तेबी माईत हाय. पन तुह्या बापानं पयल्या दिवशी दोर धरून पानी काढलं, लोटाभर पेला अन् म्हने, हलकं हाय. पयल्यांदा त्यानं आपल्या हातानं शेंदलं होतं. त्याचा शब्द मी कसा पाडू?"

त्यांनी माझ्या हातातून लोटा घेतला आणि माझं उष्टं पाणी सावकाश पिऊन टाकलं.