ट्रामच्या थांब्यापासून घरापर्यंत

"फुफ्फुस वाचलं," डॉक्टर म्हणाले, "पण तोल गेला. तो परत येणार नाही."

त्यांनी नुकतंच माझ्या कानात बर्फाचं पाणी सोडलं होतं. धडधाकट माणसाला त्याने गरगरतं, ओकारी येते. मला काहीच झालं नाही. मला वाटलं, पास झालो. कपाळ माझं. या दुखण्याला ते व्हेस्टिब्युलर डॅमेज म्हणतात. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारा एक भाग असतो, तो माझा दोन्ही बाजूंनी मेला होता. आणि मारला कुणी, तर ज्याने मला जगवलं त्याच औषधाने.

मला क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिन हे इंजेक्शन तेव्हा नवंनवं बोटीने येऊ लागलं होतं. मी कलकत्त्याला खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचा इन्स्पेक्टर, बोटीवर चढून झडती घेणारा. असले खोके मीच सोडवले असतील. कुल्ल्यावर सुया टोचून घेतल्या, खोकला थांबला, एक्स-रे स्वच्छ आला. आणि एका सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले, तो न्हाणीघरात आडवा झालो.

ज्यांना हे इंजेक्शन चालू असेल त्यांनी एवढं ऐका. कानात घंटा वाजू लागली, चालताना दुकानांच्या पाट्या नाचू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगा. अशक्तपणा आहे, दूध प्या, असं सांगणाऱ्या नातेवाइकांना दाराबाहेर बसवा. मला पुष्कळांनी दूध पाजलं.

"आता काय करायचं?" मी डॉक्टरांना विचारलं.

"डोळे आणि पाय यांना तोल शिकवा. उजेडात चालाल. अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही, तेव्हा कुणाचा तरी हात धरा."

हात धरा. सांगायला त्यांचं काय जातंय.

घरी भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. भवानीपुरातली यच्चयावत मराठी मंडळी येऊन एकच वाक्य बोलून गेली, "जिवावरचं शेपटावर निभावलं." ज्याचं शेपूट गेलं त्याला कुणी विचारलं नाही. मी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. माझे वडील, नाना, इथल्याच शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. ते म्हणायचे, "पुरुषासारखा पुरुष, आणि भिंत धरून चालतो. मनाचा खंबीरपणा लागतो."

ऑफिसने मला बोटीवरून काढून शेडमध्ये टेबलाशी बसवलं. बोटीची फळी मला आता चढता येणार नव्हती हे खरं, पण उतरलेल्या प्रवाशांच्या ट्रंका उघडून साड्या उलगडायच्या, हे काय काम झालं? राजीनामा देतो म्हणालो. माझी बायको सुमती म्हणाली, "द्या. आणि मग दिवसभर भिंतीशी भांडा." मी गेलो.

दिवस निभत होते. हिवाळा आला आणि घोळ झाला. कलकत्त्यात हिवाळ्यात पाचलाच अंधारतं, वर चुलींचा धूर. ट्रामच्या थांब्यापासून आमचं घर गल्लीच्या टोकाला. सुमती म्हणाली, "अहो, मी येत जाईन थांब्यावर." मी तिच्यावर खेकसलो. आमच्यात नवरा पुढे चालतो आणि बायको चार पावलं मागे. भर रस्त्यात बायकोचा दंड धरून चालणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

एकटा निघालो. मिठाईच्या दुकानापुढे रस्ता पायाखालून निघून गेला आणि मी गटारात. पोरं जमली. "माताल, माताल," म्हणजे दारुडा. मिठाईवाला गादीवरून न उठता म्हणाला, भद्र घरातली माणसंसुद्धा हल्ली संध्याकाळीच सुरू करतात. कुणीतरी नानांना बोलावून आणलं. ते वाकले. मला वाटलं, उठवायला वाकले. त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला.

मग म्हणाले, "ऊठ. घरी चल." आणि पुढे चालू लागले. मी भिंती धरत मागून गेलो. त्या दिवशी मला माझ्या बापाचा जेवढा राग आला तेवढा क्षयाचाही आला नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी सुमती थांब्यावर उभी. तिने कोपर पुढे केलं. कालचं गटार आठवलं म्हणून मी कोपर धरलं. अख्खी गल्ली बघत होती. घरी नाना पेपरमागून म्हणाले, "लोक हसतात." सुमतीने पानं मांडली आणि मी जेवलो. मग रोज तसंच. तिच्याशी मी रस्ताभर एक अक्षर बोलायचो नाही, जसं काही तिनेच मला आजारी पाडलं होतं.

शेडमध्ये मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. रंगूनच्या बोटीने डेकवरची माणसं यायची, कित्येक दिवस समुद्रावर काढलेली. जमिनीवर पाय ठेवला की ती झुलायची. चांगली मिशीवाली माणसं माझ्या टेबलाला धरायची आणि ओशाळून हात काढून घ्यायची. ते कसं वाटतं हे त्या शेडमध्ये फक्त मला ठाऊक होतं. मी टेबलापुढे बाक मागवला. प्रत्येकाला सांगू लागलो, "धरा टेबल, त्यासाठीच आहे. बसा, मग ट्रंक उघडू." हमाल हसायचे. हसेनात का. बोट लागली की मी बाक पुसून ठेवायचो, आणि सकाळी ऑफिसला जायची मला घाई होऊ लागली.

अशात सुमती तापाने पडली. संध्याकाळी ट्राममधून उतरलो तर कोपर नाही. समोर तीच गल्ली, तेच गटार, तोच मिठाईवाला. भिंत धरून सरकायचा विचार केला. मग मनात आलं, दिवसभर लोकांना कोणत्या तोंडाने सांगत असतो, धरा म्हणून? दुकानापुढे उभा राहिलो आणि मोठ्याने बंगालीत म्हणालो, "दादा, औषधाने माझा तोल गेलाय. मी पीत नाही. अंधारात मला चालता येत नाही. घरापर्यंत हात द्याल का?"

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. मिठाईवाला कुरकुरत उतरला. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं, मोशाय?" मी म्हणालो, "लाज वाटत होती." वाटत होती ती सांगून टाकली, आणि काही कोसळलं नाही. आम्ही दोघं गल्लीतून गेलो. त्याने मला त्याच्या गुडघेदुखीबद्दल सांगितलं, दारात सोडलं. नाना ओट्यावर उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि आत निघून गेले.

सुमतीच्या उशाशी बसलो. इतके महिने रोज आलीस, मी एकदाही धड बोललो नाही, असं म्हणालो. ती म्हणाली, "मला ते ठाऊक होतं. आता पाणी द्या."

माझा तोल परत आलेला नाही, येणारही नाही. डॉक्टरांवरचा राग मात्र गेला. त्यांनी खरं सांगितलं आणि जीव वाचवला, एका माणसाकडून आणखी काय मागायचं? तुम्हाला हे दुखणं झालं तर तोल शोधत बसू नका. हात मागायला शिका, आणि तो मोठ्याने मागा. खंबीरपणा म्हणतात तो मला तिथे सापडला, भिंतीशी नाही.

हात मागितला त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी ट्राममधून उतरलो तर थांब्यावर नाना उभे. धोतर, कोट, डोक्याला मफलर. माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला.

"धर," म्हणाले. "मिठाईवाल्याचे हात चिकट असतात."