ओंकारच्या टायची गाठ

मंडळी, आधीच सांगते, म्हणजे खाली कोणी मला काउन्सेलरचे नंबर द्यायला नकोत. मी एमएस्सी केमिस्ट्री आहे. पुण्यात कॉलेजला असताना पैज लावून अमावास्येला टेकडीवर जाऊन डबा खाल्लेली बाई आहे मी! भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. त्यामुळे जे झालं त्याची मला भीती वाटत नाही, संताप येतो. "काकू, दुःखात होतात असे भास," असं आमच्या ग्रुपमधल्या एकाने समजावलं, तेव्हा तर फारच आला. भास मला झाला असेल हो... पण टाय कोणी बांधला?

स्थळ — मिशिगनमधलं नोव्हाय. २००६ चा ऑगस्ट, भर दुपार. स्ट्रिप मॉलमधला फोटो स्टुडिओ, एका बाजूला डेंटिस्ट, दुसऱ्या बाजूला पिझ्झाचं दुकान. इथे मुलं बारावीत गेली की स्टुडिओत जाऊन सीनियर पोर्ट्रेट काढायचं मोठं प्रस्थ असतं. एक फोटो शाळेच्या इयरबुकात जातो, बाकीचे नातेवाइकांना वाटायचे. तीन आउटफिट घेऊन या, असं स्टुडिओने कळवलं होतं.

त्या तीन आउटफिट्सवरून माझं आणि ओंकारचं, म्हणजे माझ्या मुलाचं, आठवडाभर वाजत होतं. त्याला काळा टी-शर्ट आणि गुडघ्यावर फाटलेली जीन्स हवी. मी म्हटलं, "चांगल्या कामाला काळं कोण घालतं? आणि फाटकं?" — हो, मी अंधश्रद्ध नाही, पण काळं ते काळं. मी झब्बा काढला तर, "आई, इट्स नॉट अ वेडिंग!" शेवटी तह झाला. झब्बा कॅन्सल, काळा टी-शर्ट राहील, पण इयरबुकच्या फोटोत पांढरा शर्ट, ब्लेझर आणि बाबाचा मरून टाय.

आता या टायबद्दल सांगायला हवं. सुधीर, माझा नवरा, आधीच्या हिवाळ्यात गेला. सकाळी ऑफिसला गेला तो परत आलाच नाही. हार्ट अटॅक. गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, पण रोज टाय बांधायचा त्याला भारी कंटाळा. म्हणून एकदा बांधलेली गाठ तो कधी सोडायचाच नाही. सैल करायची, डोक्यावरून काढायची आणि तशीच हँगरला लटकवायची. आपल्याकडच्या कितीतरी पुरुषांचं हेच असतं. तर तो मरून टाय सुधीरच्या गाठीसकट कपाटात तसाच होता. त्याच्या हातचं घरात तेवढंच उरलंय असं मला वाटायचं. टाय बांधता ना मला येत, ना ओंकारला. त्याने फक्त डोक्यातून घालायचा आणि ओढायचा, एवढंच काम होतं.

स्टुडिओतली चेंजिंग रूम म्हणजे भिंतीतला कोनाडा आणि पुढे पडदा. थोड्या वेळाने ओंकार बाहेर आला. हातात टायची सरळ पट्टी लोंबत होती.

"सॉरी... आय पुल्ड द राँग एंड."

मी तिथेच सगळ्यांदेखत ओरडले. "एवढी एक गोष्ट राहिली होती रे त्याची! तीही घालवलीस!"

"ही वॉज माय डॅड, टू," एवढंच बोलून ओंकार आत गेला आणि त्याने पडदा ओढून घेतला.

मी पडद्यासमोरून हललेही नाही. काउंटरवरची मुलगी मदतीला धावली — म्हणे, आमच्याकडे क्लिप-ऑन टाय आहेत. माझ्या मुलाच्या गळ्यात चिमट्याचा टाय! बापाचा टाय हातात असताना! मी तिच्याशी हुज्जत घालत होते, तेवढ्यात पडदा सरकला.

टाय बांधलेला होता. गाठ बारीक, घट्ट, डावीकडे कललेली. मागची पट्टी पुढच्या पट्टीपेक्षा लांब, म्हणून शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचलेली. यावरून मी सुधीरला लग्न झाल्यापासून टोकत आले होते — अरे, सोडून नीट बांध की! तेच सगळं, जसंच्या तसं.

माझं पित्त खवळलं. "येत होतं तर मघाशी नाटक कशाला केलंस?"

"व्हॉट? यू डिड इट!"

"मी?"

"आई, यू केम इन अँड डिड इट. फ्रॉम बिहाइंड."

"मला पाहिलंस तू?"

"नो. आय वॉज मॅड अ‍ॅट यू. माय आइज वेअर क्लोज्ड."

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हनी, शी वॉज विथ मी. द होल टाइम."

ओंकार माझ्याकडे बघतच राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "समबडी टॅप्ड माय चिन. लाइक... लुक अप."

हनुवटीला खालून टिचकी. तो नववीत असताना शाळेच्या बँडचा कार्यक्रम होता, तेव्हा सुधीरने त्याच्या मागे उभं राहून टाय बांधून दिला होता, कारण समोरून त्याला जमायचंच नाही. तेव्हा त्याने अशीच टिचकी मारली होती. मी जन्मात कधी तसं केलेलं नाही.

मी आत शिरून भिंती चाचपल्या. दार नाही, खिडकी नाही. फोटोग्राफर पलीकडच्या खोलीत लाइट्स लावत होता, त्याने खांदे उडवले. फोटो मात्र निघाला. डोळे लाल आहेत, पण मान ताठ आहे पोराची.

काहींचं म्हणणं, ओंकारचे हात आपोआप चालले असतील. त्यानंतर त्याने टाय बांधायची इतकी खटपट केली, पण त्याची गाठ अजून गाजराएवढी होते. तेव्हा तेही नाही. मला याचं उत्तर सापडलेलं नाही, तुमच्यापैकी कोणाला सापडेल असं वाटतही नाही.

पण माझी खरी तक्रार तुमच्याकडे नाहीच. गेलास तेव्हाही न सांगता गेलास, सुधीर. ठीक आहे, तो काही तुझा दोष नव्हता. पण पोराचा टाय सुटला म्हणून आलास, गाठ बांधलीस, त्याची मान वर केलीस... आणि मी पडद्याच्या अलीकडे उभी होते रे! माझा आवाज येत होता ना तुला? तुझ्याच टायसाठी भांडत होते मी. पडदा जरासा सरकवून माझ्याकडे एकदा बघायला काय झालं होतं?