माझ्या तोंडात कोणाचं वाक्य होतं?

गुरुवारी सकाळी तिरुवैयारूच्या बसमध्ये माझी चोरी पकडली गेली... आणि पकडणारीला ती चोरी आहे हे कळलंसुद्धा नाही!

आधी माझा स्वभाव सांगते. मी गणिताची टीचर. दुधाने तोंड कधी पोळलं नाही, तरी ताक फुंकून पिते. सिनेमातली माणसं पैसे घेऊन साबण, सोनं, सिमेंट काय वाटेल ते विकतात, त्यामुळे टीव्हीवर जाहिरात लागली की मी आवाज बंद करते. नवरा म्हणतो, हिला बाजारात फसवणारा अजून जन्माला यायचाय. मला ते खरंच वाटायचं.

तंजावरात आमच्या गल्लीच्या टोकाला गोविंदसामी अय्यांचा चेक्कु आहे, म्हणजे आपला तेलाचा लाकडी घाणा. बैल गेले, मोटर आली, पण तेल तेच. वीस वर्षं आमच्या घरात तिळाचं तेल त्यांचंच... लोणच्याला, दिव्याला, शनिवारी डोक्याला.

महिन्यापूर्वी त्यांच्याकडून आणलेली बाटली मी सहज खिडकीत धरली. तेल काळपट दिसलं, थोडं गढूळही. मनात पाल चुकचुकली. वय झालंय त्यांचं, धंदा मुलाच्या हातात गेलाय, मुलाने काही मिसळायला सुरुवात केली असेल तर?

अय्यांना विचारायचं सोडून मी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाटलीचा फोटो टाकला. खाली तमिळमध्ये एक ओळ लिहिली, 'चांगल्या तेलाला लपवण्यासारखं काही नसतं. आपलं तेल काय लपवतंय?' वाक्य छान जमलं होतं. माझं मलाच कौतुक वाटलं.

मग सुपरमार्केटमधून सीलबंद बाटली आणली. तिच्यावर एका नटीचा हसरा फोटो होता, पण मी काही फोटो बघून घेतली नव्हती! शेल्फवर डझनभर बाटल्या होत्या आणि हात तिच्याकडेच गेला, इतकंच.

तर गुरुवारी शेजारच्या कमलाक्का बसमध्ये माझ्या बाजूला बसल्या होत्या. त्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे एक टीव्ही आहे. वर्षभर मी रोज त्याच्यासमोर पेपर तपासत शाळेत जाते. वर बघत नाही. कान मात्र उघडे असतात...

जाहिरात लागली. बाटलीवरचीच ती नटी. तिने तेलाची बाटली खिडकीतल्या उजेडात धरली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "चांगल्या तेलाला लपवण्यासारखं काही नसतं. तुमचं तेल काय लपवतंय?"

कमलाक्कांनी कौतुकाने मला कोपराने ढोसलं आणि आमच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "अगो, तू ग्रुपांत सांगटलीस ते अस्की ही सांगती की!"

अस्की म्हणजे सगळं. माझ्या हातातला लाल पेन तसाच राहिला. खिडकी तिची, आठी तिची, वाक्यही तिचंच. माझी म्हणून मी मिरवत होते ती शंकासुद्धा तिचीच! बसमधून उतरून जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शाळा सुटल्यावर थेट चेक्कुवर गेले. घाणा बंद. अय्या पायरीवर बसले होते. आता आठवड्यातून तीनच दिवस चालवतो म्हणाले. आधी तुमच्या गल्लीने तेल घेणं थांबवलं, मग मागच्या.

तेल काळपट का होतं, हे मी तेव्हा कुठे विचारलं. ते म्हणाले, "टीचर, तुमच्या हातात बाटली देताना सांगितलं होतं ना? या वेळी काळे तीळ आहेत. अजून चार दिवस निवळू दे, मग न्या. तुम्हीच म्हणालात, उद्या शनिवार आहे, आजच हवं."

सांगितलं होतं. शब्दन् शब्द आठवला. समोर उभ्या माणसाचं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं, आणि जिच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही तिचं वाक्य पाठ झालं...

मी माफी मागितली. ग्रुपचं सगळं सांगितलं. त्यांना आधीच ठाऊक होतं, कोणीतरी फोटो दाखवला होता. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मला एकदा विचारायचं होतं." अजून तो आवाज कानात आहे.

तिथेच पायरीवर बसून ग्रुपवर लिहिलं की माझी चूक झाली, तेल शुद्ध आहे, दोष माझ्या घाईचा. सहा अंगठे आले. नंतर कमलाक्कांचा मेसेज आला, 'असेल गो, पण सीलबंद बाटली बरी. कोणाला काय माहीत?'

त्यांना शंका घ्यायला मीच शिकवलं होतं.

म्हणून कालपासून मी निवळलेल्या तेलाची बाटली घेऊन घरोघरी जातेय. बसवते, वास घ्यायला देते, काळ्या तिळाचं सांगते. एक घर परत अय्यांकडे आलंय. कमलाक्कांनी कॉफी दिली, तेल नको म्हणाल्या. उद्या परत जाणार आहे.

मी घरोघरी फिरतेय हे अय्यांना कळलंय. काल संध्याकाळी मी चेक्कुवरून जात होते तेव्हा त्यांनी मला पूर्वीसारखंच "टीचर, कॉफी झाली का?" असं विचारलं. त्या एका हाकेसाठी मी त्यांची फार ऋणी आहे... खरं तर मी त्या हाकेला पात्र नव्हते.