पेरूच्या बागेतली वाट

दुपारी जरा डोळा लागला, की पद्मावती त्या वाटेवर असायची. चर्चच्या मागच्या फाटकातून बाहेर पडायचं, बोरीच्या झाडाला वळसा घालायचा, नामदेवरावांच्या पेरूच्या बागेत शिरायचं आणि पाटाच्या कडेनं चारशे पावलं गेलं, की दफनभूमीचं लोखंडी दार. झोपेत ती वाट जरा लांबायची. पेरू पिकलेले असायचे, पाटात पाणी असायचं आणि दाराशी तिचा नवरा सुधीर उभा असायचा, उशीर झाला म्हणून घड्याळ बघत. जागेपणी सुधीर नऊ वर्षांपासून दाराच्या आत होता, डाव्या हाताला तिसरा. त्याच्या शेजारची जागा तिची होती, आणि आपल्यालाही याच वाटेनं न्यावं एवढी एकच गोष्ट तिनं लेकीला निक्षून सांगून ठेवली होती.

तिचं रेगुलगुडा पूर्वी शहराच्या टोकाला, कुकटपल्लीच्याही पलीकडचं खेडं होतं. आता कुकटपल्लीच तिथवर चालत आली होती. निजामाच्या काळात मिशनच्या दवाखान्यात कामाला म्हणून जालन्याकडून आलेली पाच मराठी घरं इथं रुजली. त्यांचं हे चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी मराठी उपासना, बाकीचे रविवार तेलुगू. आणि शेजारी नामदेवराव, नांदेडकडचे शेतकरी. घरात विठोबाची तसबीर, शिक्षण उर्दूतून.

ईस्टरच्या पहाटे साडेचारला सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन गात निघायची, ती याच बागेतून. दफनभूमीत आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्ती लावायची आणि उजाडताना परत फिरायचं. त्याच्या आठवडाभर आधी पद्मावती नामदेवरावांना एक पत्र लिहायची. तिचं अक्षर सुरेख. शहरात कोठी भागातल्या एका डॉक्टरांकडे तिनं तीस वर्षं रोग्यांची नावं लिहिली होती. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूनं हे काम तिच्या गळ्यात टाकलं. ‘सप्रेम नमस्कार. येत्या ईस्टरच्या पहाटे मंडळी आपल्या बागेतून जाणार आहे. आपली परवानगी असावी.’ सोबत बेगम बाजारातून आणलेल्या खजुराचे लाडू. नामदेवराव पत्र सावकाश वाचायचे, खाली उर्दूत सही ठोकून ते परत करायचे आणि रिकाम्या डब्यात पेरू घालून द्यायचे. कोरोनाच्या वर्षी मिरवणूक नव्हती, तरी पत्र गेलंच. फाटकावरून डबा घेत म्हातारा म्हणाला, “येणार नाही, याची पण परवानगी लागते का, पद्माबाई?”

“पद्धत मोडायची कशाला?” ती म्हणाली होती.

गेल्या दिवाळीत नामदेवराव वारले. नातू युवराज संगणकाच्या नोकरीतला. त्यानं बागेवर प्लॉट पाडायचं ठरवलं. नगरपालिकेच्या फलकावर नकाशा लागला. त्यात चौदा प्लॉट होते, तीस फुटी रस्ता होता आणि वाट नव्हती. दफनभूमीला जायचं तर हायवेनं दोन किलोमीटरचा फेरा. हरकत घ्यायला पंधरा दिवस.

चर्चचे सेक्रेटरी अविनाश कंबर कसून उठले. “वहिनी, काही घाबरायचं नाही. इतकी वर्षं आपण तिथून जातोय. वहिवाटीचा हक्क आहे आपला. फक्त पुरावा पाहिजे.”

पुरावा म्हटल्यावर पद्मावतीचा चेहरा उजळला. कपाटावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून तिनं तो अविनाशांपुढे ठेवला. बेचाळीस पत्रं, वर्षवार लावलेली, प्रत्येकावर सही.

अविनाशांनी चार वाचली, पाचवं हातातच राहिलं. “वहिनी, हे काय करून ठेवलंत?”

“का? एक वर्ष चुकलेलं नाही.”

“तेच तर. हक्क असलेला माणूस विचारत नाही. आपण दर वर्षी विचारलं. म्हणजे वाट त्यांची, आणि आपण त्यांच्या मर्जीनं जात होतो. वकील हसेल आपल्याला.”

“शेजाऱ्याच्या आवारातून न विचारता जायचं? असं कसं?”

“तुमच्या सासूबाईंना नमस्कार,” अविनाश म्हणाले. मग आवाज उतरवून, “डबा घरीच राहू दे. खोटं बोला म्हणत नाही मी. नुसतं गप्प बसा.”

त्या दुपारी स्वप्नात दफनभूमीचं दार होतं, पण पाट काही केल्या संपत नव्हता. ती चालतच राहिली. जाग आली तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. हरकतीच्या सुनावणीला जाताना डबा तिनं पिशवीत टाकला. का टाकला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. घरी एकटा कसा ठेवायचा, एवढंच वाटलं.

नगरपालिकेत लेआऊटचं काम बघणाऱ्या बाई समोर नकाशा पसरून बसल्या होत्या. एका बाजूला युवराज, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. अविनाश वहिवाटीवर दहा मिनिटं बोलले. बाईंनी ऐकून घेतलं आणि पद्मावतीकडे वळल्या. “अम्मा, आप बोलो. पूछके जाते थे, की ऐसेइच जाते थे?”

अविनाश छताकडे बघू लागले. पद्मावतीनं पिशवीवर हात ठेवला. गप्प बसणं काही अवघड नव्हतं, आयुष्यात पुष्कळ ठिकाणी ती गप्प बसली होती. पण न विचारता गेलो असं म्हणायचं, म्हणजे नामदेवरावांनी बेचाळीस वेळा चष्मा शोधून केलेल्या सह्या पुसायच्या.

“पूछके,” ती म्हणाली. “हर साल.” आणि डबा टेबलावर ठेवला.

बाईंनी पत्रं चाळली, उर्दू सह्यांवर बोट फिरवलं आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. “फिर हक नहीं बनता, अम्मा. आगे मालिक की मर्जी.”

बाहेरच्या बाकावर पद्मावती टेकली. अविनाश पाणी आणायला गेले, जाताना तिच्याकडे न बघता. युवराज येऊन शेजारी बसला.

“आजी, आजोबांच्या सह्या बघू का जरा?”

तिनं डबा दिला. त्याला मराठी वाचायची सवय नव्हती, तो ओळीखाली बोट धरून वाचत होता. दोन-तीन पत्रं उलटली आणि चौऱ्याण्णव सालच्या पत्रावर बोट अडलं. “हे काय आहे? ‘आपल्या घरी... तान्हं बाळ आहे असं... समजलं. त्याची झोप मोडू नये म्हणून मंडळी... बागेतून जाताना गाणं बंद ठेवील.’”

त्यानं वरचं साल पुन्हा पाहिलं. “चौऱ्याण्णवमधे मीच होतो ना बाळ?”

“तूच. आठ दिवसांचा. रडका होतास म्हणे.”

“पण तुम्ही तर अजून बंद करता. मी लहानपणी दर वर्षी जागा असायचो. गाणं फाटकाशी यायचं आणि एकदम थांबायचं. नुसती पावलं, आणि खिडकीवरून उजेड सरकत जायचा. मग लांब तिकडे परत गाणं. मला वाटायचं, गॉडकी कुछ बात होगी.”

पद्मावतीला हसू आलं. “नव्या पाळकसाहेबांनाही तसंच वाटतं. बागेतली शांतता म्हणून उपदेशही केला त्यांनी एकदा. बाळ मोठं झालं, आता गा, असं कुणी सांगितलंच नाही. मग राहिलं तसंच.”

“एकतीस वर्षं?”

“पद्धत पडली.”

युवराजनं नकाशाची गुंडाळी मांडीवर उलगडली. बराच वेळ तो तिरप्या पाटाची रेघ शोधत राहिला. मग खिशातलं पेन काढून कुंपणाच्या कडेनं एक सरळ रेघ ओढली. “पाटावरून नाही जमणार, चार प्लॉट कापले जातात. पण इथून दहा फूट सोडतो. सात प्लॉट थोडे लहान होतील. पपा ओरडतील, ओरडू देत. नकाशा आजच बदलून देतो.”

“चारशे पावलं होतील ना?”

“जास्त होतील. साडेचारशे.”

चालेल, असं तिनं मनातल्या मनात सुधीरला सांगितलं. थोडा उशीर होईल, तू घड्याळ बघू नकोस. मग तिला आठवलं, “नकाशात आली, म्हणजे आता विचारायला नको?”

युवराजनं डब्याचं झाकण लावलं, पण डबा लगेच परत दिला नाही. “विचारत जा, आजी. सही मी इंग्लिशमधे करीन. चलता?”

“हौ, चलता,” पद्मावती म्हणाली आणि खजूर आणायला बेगम बाजारात कुठल्या दिवशी जावं, याचा हिशेब करू लागली. ईस्टर नऊ दिवसांवर आला होता.