निळी ऐरण घेऊन मंद्रूपला

लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर माणूस बायकोला ऐरण भेट देतो, तेव्हा त्यामागे बराच विचार असतो. मी तर तीन आठवडे इंटरनेटवर अभ्यास केला होता. नीला, म्हणजे माझी बायको, शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर ती तांब्या-पितळेचा पत्रा थंडच ठोकून त्यावर नक्षी उठवू लागली. कडी, कानातली, छोट्या तबकड्या. मी मागवलेली ऐरण निळी, चकचकीत आणि जाहिरातीनुसार अस्सल कठीण पोलादाची होती.

आठ महिन्यांनी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "मला दुसरी ऐरण बघायचीय."

"पहिलीत काय वाईट आहे?"

"वाईट नाही हो. दोन असल्या म्हणजे बरं."

हिचा व्याप वाढला, असं समजून मी खूश झालो. या ब्लॉगवर तुम्ही डोंगर आणि समुद्र वाचायला येता. यावेळी सोलापूरहून मोहोळ आणि मंद्रूप एवढ्यावरच भागवा. निघताना मी निळी ऐरण डिकीत टाकली. विकणाऱ्याला दर्जा कशाला म्हणतात ते कळावं, हा हेतू. नीलाने पर्समध्ये छोटी कानस टाकली.

मोहोळ पुण्याच्या हायवेवर, गाडीने पाऊण तास. उन्हाच्या दिवसांत आठच्या आत निघा. तिथल्या एका भंगारवाल्याकडे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा होता. नीलाने पर्समधून सायकलचा छर्रा काढून त्यावर सोडला. तो टणकन उसळला. मग तिने कानस घासली. कठीण पोलादावर कानस घसरते, मऊ लोखंडात चावते. तुम्ही घ्यायला गेलात तर एवढं नक्की करा. रूळ कठीण निघाला, पण वरून गोलसर आणि अरुंद. त्यावर तबकडी बसेना.

"आपलीवरही टाकून बघू की छर्रा," मी म्हणालो.

"ऊन झालंय. निघू या."

बायको माझ्या तब्येतीला किती जपते, हा विचार करत मी स्टँडसमोर दोन वडे जास्त खाल्ले.

पुढच्या आठवड्यात बाजाराचा दिवस बघून मंद्रूपला गेलो. विजापूर रस्त्याने अर्धा तास. गाडी गावाबाहेरच लावा, आत ज्वारीची पोती आणि शेळ्या यांना पहिला मान आहे. मिरच्या विकणाऱ्या बाईंना लोहाराचं घर विचारलं.

"तितं, लिंबाखाली. पर लोहार कारखान्यावर गेलाय वेल्डिंगला. वैनी हायती."

या वैनी म्हणजे सुभद्राबाई. साठीच्या, विळ्यांना मुठी बसवत बसल्या होत्या. शेजारी ओंडक्यावर मोठी ऐरण होती. नीलाने तिच्यावरून बोटं फिरवली आणि नाही म्हणून मान हलवली. ती तापलं लोखंड ठोकायची ऐरण. वर छिन्नीचे घाव. ऐरणीवर जे असतं ते तांब्यात उमटतं, त्यामुळे नक्षीला ती नुसती कठीण असून भागत नाही, गुळगुळीतही लागते. हे मला त्या दिवशी कळलं. अभ्यासात नव्हतं.

आता आपली वेळ आली, असं वाटून मी डिकीतून निळी ऐरण आणली. सुभद्राबाईंनी हातोडी उचलून बेताचा एक घाव घातला. थप्प आवाज झाला आणि चिंचोक्याएवढा खळगा पडला.

"बीड हाय ह्ये, वतीव लोखंड. पोलाद न्हाय. वर रंग दिलाय," त्या म्हणाल्या. मग तळवा फिरवून थांबल्या. "हितं कानशीनं घासलंय. लई येळा. कुनी घासलं?"

नीला बाजाराकडे बघत राहिली.

चुकला घाव की खळगा पडायचा, आणि पुढच्या कामात उतरायचा. आठ महिने मी दुपारी झोपलो की ती ते खळगे घासून काढत होती.

"सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना."

ते खरं होतं. मेव्हण्याला सांगितलं होतं, गॅसवाल्याला दाखवली होती, आणि 'योग्य ऐरण कशी निवडावी' हा लेख याच ब्लॉगवर आहे. शोधू नका.

सुभद्राबाई आत गेल्या आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली एक छोटी ऐरण घेऊन आल्या. "सासूची हाय. इळं वाकलं की थंडच ठोकून सरळ करायची हिच्यावर." छर्रा जवळजवळ नीलाच्या हातात परत आला. कानस घसरली. कडा किंचित गोल, म्हणजे पत्रा कापला जाणार नाही.

"इकायची न्हाय पर," त्या म्हणाल्या.

नीलाने आग्रह केला नाही. पर्समधून तांब्याची पट्टी काढली आणि विचारलं, "एवढी ठोकून बघू?" तशीच जमिनीवर बसली. सुभद्राबाई आधी उभ्या राहून बघत होत्या, मग समोर बसल्या.

"मनगट सैल सोडा की. हातुडी आपनच उटती."

नीलाने सोडलं. आवाज बदलला, मलासुद्धा कळला. पट्टीवर वेल उमटत गेली. सुभद्राबाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"ह्येचं काय करत्यात?"

"हातात घालतात."

"बरं." त्यांनी पट्टी नीलाच्या हातात दिली. "सुना पुन्याला हायत. त्यास्नी कशाला लागतीया ऐरण."

मग त्यांनी तीन हजार सांगितले. सवयीने मी दोनवर आणायला तोंड उघडलं.

"अहो, गाडीतलं पाणी आणा जरा," नीला म्हणाली. मी पाणी घेऊन आलो तोवर व्यवहार झाला होता, आणि दोघी भाकरी आणि शेंगाचटणी खात होत्या. मलाही वाढलं.

निळी ऐरण आता गच्चीत पाण्याच्या टाकीचं झाकण दाबून धरते. ते काम ती चोख करते. घरात दुपारी नवा आवाज असतो, त्यामुळे माझी झोप गेली आहे. त्याबद्दल तक्रार करण्याची माझी पत नाही.

परवा मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "मी आणलेल्या आणखी कुठल्या वस्तू अशा सांभाळून घेतेस?"

तिने हातोडी बाजूला ठेवली आणि आठवू लागली. बराच वेळ झाला तरी आठवतच होती, तेव्हा मी उठून चहा टाकायला गेलो.