चित्रांना घातलेले झेंडूचे हार

दिवाळीच्या सुट्टीत माणसानं जरा पाठ टेकावी. मी मात्र गांधीबागेत, बागेच्या फाटकाशी टेबल मांडून लोकांच्या कुत्र्या-मांजरांची चित्रं काढत बसले होते. जखमी, बेवारस जनावरं सांभाळणाऱ्या एका संस्थेसाठी देणगी जमवायची होती. चित्रकलेची मास्तरीण निवृत्त झाली म्हणजे तिच्या हाताला काही कामच उरत नाही, असं संस्थावाल्या बाईंना वाटत असावं.

मान धरली होती, डोळे चुरचुरत होते आणि लोकांचे नखरे काही संपत नव्हते. "बाई, मांजर थोडी गोरी करा ना." "आमच्या कुत्र्याले फेटा बांधून द्या, नवरदेवासारखा." बाप्पा रे! मी मुकाट्यानं फेटे बांधत होते.

जीव सगळा दुसरीकडेच अडकला होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फटाक्यांना घाबरून पळालेली एक म्हातारी कुत्री याच भागात सापडली होती. डावा कान अर्धा तुटलेला, गळ्यात लाल दोरा. संस्थेत आणल्यापासून ती लोखंडी पलंगाखाली शिरून बसली होती, अन्नाला तोंड लावत नव्हती. घरचं माणूस भेटलं नाही तर काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मी तिचं चित्र काढलं, खाली मोठ्या अक्षरांत 'हिला ओळखता का?' असं लिहिलं आणि माझ्या पाठीमागच्या दोरीवर नमुन्याच्या चित्रांमध्ये मधोमध टांगायला संस्थावाल्या बाईंकडे दिलं.

त्या दिवशी येणारेजाणारे माझ्या पाठीमागे बघून हात जोडत होते. मला वाटलं, दिवाळी झाली तरी लोकांची भक्ती उतरलेली नाही. टोपीवाले एक आजोबा आले. मागे जाऊन बराच वेळ उभे राहिले, टोपी काढली, एका चित्राला हात लावून तो कपाळाला लावला आणि दुपट्ट्यानं डोळे पुसत निघून गेले. मी मांजरीच्या मिशा काढत होते.

मग एक बाई हळहळून म्हणाली, "एवढे सारे कसे मेले वं बाई? फटाक्यानं काय?"

मी वळून पाहिलं आणि हातातला ब्रश गळून पडला. प्रत्येक चित्राला झेंडूचा जाडजूड हार! माझी अक्षरं पार झाकून गेली होती.

"पूजेचे उरले होते," संस्थावाल्या बाई म्हणाल्या. "स्टॉल बोडका दिसत होता."

"अहो, जित्याजागत्या जिवाच्या चित्राले कोणी हार घालते काय!" मी ओरडलेच. आणि मग लक्षात आलं, आजोबांनी हात लावलेलं चित्र मधलं होतं.

गुडघे दुखत असतानाही मी धावले. आजोबा कोपऱ्यावरच्या चहाच्या ठेल्याशी बसले होते, मोबाइल हातात तसाच.

"आताच घरी सांगितलं, गेली म्हणून," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "आमची म्हातारी पोळ्या करून राहिली होती. पहिली पोळी कुत्रीचीच असते. ऐकून म्हातारीनं तवाच उतरवला."

"आजोबा, जिवंत आहे ती! हार चुकून घातला हो."

त्यांनी लगेच घरी फोन लावून तेच सांगितलं. पलीकडून आजींचा रडका, चिडका आवाज आला, "माझं मन राखाले खोटं काहून बोलता?"

आम्ही ऑटो केला.

संस्थेत आजोबा फरशीवर आडवे झाले, पलंगाखाली हात घातला, चुचकारलं. ती थरथरत आणखी भिंतीला चिकटली. आजोबांनी पुन्हा फोन लावला आणि आवाज मोठा करून पलंगाखाली सरकवला. "रोज बोलावतेस तसं बोलाव वं," एवढंच ते म्हणाले.

आजी आधी नुसत्याच हुंदके देत राहिल्या. मग त्यांनी हाक मारली. "ये वं माय... पोळी घे."

अर्धा तुटलेला कान हलला. ती पोटावर सरपटत पुढे आली, फोन हुंगला, चाटला आणि मग आजोबांच्या हातावर हनुवटी टेकून कण्हायला लागली.

"कोण होय ते? अहो, बोला ना!" आजी विचारत होत्या.

आजोबा फोन उचलून म्हणाले, "तवा पुन्हा ठेव वं."